बालेकिल्ल्यात गेलेला माणूस किल्ल्यात आहे की नाही?



अध्यक्षाने संगणकाचे भवितव्य सांगावे अशी अपेक्षा असते. मी मात्र एका चौकटीच्या पोटात दुसरी चौकट असली आणि माउसचा बाण एकीवरून दुसरीवर गेला की काय होते, एवढ्यावरच बोलणार आहे. रोज विरार लोकल पकडून अंधेरी-मालाड गाठणारे आपण बरेच जण दिवसभर याच्याशीच झगडत असतो.

आपल्या वसईच्या किल्ल्यात आत बालेकिल्ला आहे. किल्ल्यात आलेला माणूस बालेकिल्ल्यात शिरला, तर तो किल्ल्याबाहेर गेला असे कोणताही पहारेकरी म्हणणार नाही. ब्राउझरचा ‘माउसआउट’ नेमके तेच म्हणतो. बाण मेन्यूच्या पट्टीवरून तिच्यातल्या बटणावर गेला की पट्टीला आधी ‘गेला’ अशी वर्दी मिळते. मग बटणावरचा ‘माउसओव्हर’ बबलिंगने वर चढत पट्टीपाशी येतो आणि ‘आला’ म्हणतो. बटणावरून पट्टीवर परत या, पुन्हा तोच तमाशा. मेन्यू मिटतो, उघडतो, लुकलुकतो, आणि आपण वापरणाऱ्याच्या हाताला दोष देतो.

इव्हेंट आधी बाहेरच्याला सांगावा की आतल्याला, यावर नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्टचे एकेकाळी जमत नव्हते. 2000 साली वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने डॉम लेव्हल 2 मध्ये दोघांचेही ऐकले: आधी वरून खाली, मग खालून वर. तडजोड चांगली होती, पण खोट्या ‘गेला’चा बंदोबस्त तिने झाला नाही. तो केला ‘माउसएंटर’ आणि ‘माउसलीव्ह’ने. ही जोडी मूळची इंटरनेट एक्सप्लोररची, पुढे सगळ्यांनी उचलली. ती वर चढत नाही, आणि बाण पोटातल्या घटकावर गेला तर चकार शब्द काढत नाही.

हजार ओळींच्या तक्त्याला एकच लिसनर लावायचा असेल, तर वर चढणारी ‘माउसओव्हर’-‘माउसआउट’ ही जुनी जोडीच घ्यावी लागते. तेव्हा ‘रिलेटेडटार्गेट’ला विचारावे, बाण निघाला कुठे? उत्तर आपल्याच पोटातले असेल तर गप्प बसावे. इतके सोपे आहे. तरी आपण काय करतो? ‘स्टॉपप्रोपगेशन’ ठोकून मोकळे होतो. वरच्याला मग काहीच कळत नाही, आणि काही महिन्यांनी भलत्याच कोणाचा मेन्यू मिटेनासा होतो. कोड तपासताना मला ही ओळ दिसली की मी कारण विचारतो. बहुतेक वेळा ते लिहिणाऱ्यालाही आठवत नसते.

मेन्यू लगेच बदलू नये म्हणून टायमर लावणाऱ्यांवर मात्र माझा तेवढा राग नाही. समजा, जिल्ह्यांची यादी आहे. ‘पालघर’वर बाण नेला, बाजूला आठ तालुके उघडले. खालच्या मोखाड्याकडे तिरके जाताना बाण ‘पुणे’ला घासून गेला आणि मोखाड्याच्या जागी मुळशी! इथे इव्हेंटचे काहीच चुकलेले नाही, बाण खरोखरच पुण्यावर होता. ॲपलमध्ये ब्रूस टोग्नाझिनी यांनी 1980च्या दशकाच्या मध्यावर मॅकिंटॉशच्या मेन्यूसाठी यावर तोड काढली होती. बाण उपमेन्यूच्या दिशेने उघडणाऱ्या पाचरीच्या आकारात फिरतोय तोवर मेन्यू बदलायचा नाही. आज आपण आंधळेपणाने मिलिसेकंद मोजतो. त्यांनी हाताची दिशा पाहिली.

शिवाय आत-बाहेर हे पडद्यावर नव्हे, कोडमध्ये ठरते. बटणाखाली लटकणारी यादी दिसायला बाहेर, पण डॉममध्ये, म्हणजे पानाच्या घटकांच्या झाडात, ती पोटातली असू शकते. रिॲक्टच्या पोर्टलमध्ये तर डॉममध्ये दूर ठेवलेल्या खिडकीचा क्लिकही रिॲक्टच्या झाडातल्या पालकापर्यंत चढतो.

जव्हार-मोखाड्यात फोनवर सातबारा पाहणाऱ्याच्या बोटाला होव्हर नाहीच. त्याच्यासाठी टॅपची वाट हवी, कळफलकवाल्यांसाठी फोकसची. 2018च्या डब्ल्यूसीएजी 2.1 या सुलभतेच्या नियमावलीत आणखी एक अट आहे: होव्हरने उघडलेल्या मजकुरावर बाण नेला तरी तो मजकूर टिकला पाहिजे. टूलटिप बटणाच्या पोटात नसेल, तर बाण तिच्यावर जाताच बटणाला ‘माउसलीव्ह’ मिळणार आणि टूलटिप गायब होणार. दुपारच्या सत्रात जे आपले काम दाखवणार आहेत, त्यांनी एवढे तपासूनच मंचावर यावे. जेवणाच्या सुट्टीत वेळ आहे.