प्रांतांचा पैसा कोणाचा?

डॉक्टर आंबेडकर म्हटले की महाडचे चवदार तळे डोळ्यांपुढे येते, राज्यघटना आठवते, नागपूरची दीक्षाभूमी आठवते. परंतु विद्यार्थिदशेतील दहा वर्षांत त्यांनी जे लिहिले, त्यातील फार मोठा भाग कर, कर्ज, चलन आणि अंदाजपत्रके यांविषयीचा आहे, ही गोष्ट सुशिक्षित घरांतूनही फारशी ठाऊक नसते. जातीसंस्थेवरील त्यांचा निबंध सर्वांना माहीत असतो. तो ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात वाचला गेला. पण त्याच सुमारास त्याच विद्यापीठात हा विद्यार्थी दुसऱ्या एका कामात गढलेला होता, आणि ते काम म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या जमाखर्चाची झडती. आजच्या भाषणाचा विषय हीच झडती होय.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ साली कोलंबियात दाखल झाले. तेथे सार्वजनिक अर्थकारणाचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांचा त्यांना लाभ झाला. १९१५ साली एम्. ए. च्या निमित्ताने त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि तिच्या अर्थव्यवहारावर एक छोटासा प्रबंध लिहिला. कंपनीचे राज्य १८५८ साली गेले, पण तिच्या भागीदारांना द्यावयाचे व्याज आणि तिने करून ठेवलेले कर्ज यांचा बोजा कोणाच्या खजिन्यावर पडला? हिंदुस्थानच्या. देश इंग्लंडच्या राणीकडे गेला आणि खरेदीची किंमत मात्र विकल्या गेलेल्या देशानेच भरली! कागदपत्रांच्या आधारे हा हिशेब मांडणारा विद्यार्थी तेव्हा चोवीस वर्षांचा होता. हा प्रबंध मराठी वाचकांच्या सहज हाती येण्यास पुढे फार काळ लागला. महाराष्ट्र शासनाने आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचा सहावा खंड १९८९ साली काढला, त्यात तो आहे.

डॉक्टरेटसाठी घेतलेला विषय याहून अवघड होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्था कशी उत्क्रांत झाली, हा तो विषय. नाव ऐकूनच पुस्तक मिटावे असा हा विषय वाटेल. परंतु त्याच्या पोटात एक साधा प्रश्न दडलेला आहे. मुंबई इलाख्यात गोळा होणारा पैसा मुंबई इलाख्याचा होता काय?

हा प्रश्न समजण्यास थोडा मागील इतिहास पाहिला पाहिजे. १८३३ च्या सनदी कायद्याने मुंबई व मद्रास या इलाख्यांचे कायदे करण्याचे अधिकार काढून घेतले गेले, आणि खर्चाच्या सर्व नाड्या गव्हर्नर-जनरलच्या हाती आल्या. नवीन जागा निर्माण करावयाची तरी वरून मंजुरी हवी. याचा परिणाम विलक्षण झाला. कर उभारण्याची जबाबदारी एकाची आणि खर्च करण्याचे काम दुसऱ्याचे! मग प्रांतिक सरकारांनी काटकसर कशासाठी करावी? वाचविलेला पैसा वरच्या खजिन्यात जाणार, आणि जो प्रांत अधिक आरडाओरड करील त्याच्या पदरात अधिक पडणार, अशी स्थिती झाली. त्या काळच्या सरकारी अधिकाऱ्यांनी स्वतःच हे कबूल केले आहे. त्यात १८५७ च्या बंडाचा खर्च येऊन पडला, खजिना खिळखिळा झाला, आणि १८६० साली जेम्स विल्सन यांनी पहिले रीतसर अंदाजपत्रक व त्याबरोबर प्राप्तीवरील कर आणला.

पुढे लॉर्ड मेयो यांनी १४ डिसेंबर १८७० च्या ठरावाने तुरुंग, पोलीस, शिक्षण, दवाखाने, रस्ते इत्यादी खाती प्रांतांकडे सोपवून त्यासाठी ठरावीक रक्कम देण्याची पद्धत सुरू केली. १८७७ पासून नुसत्या रकमेऐवजी काही उत्पन्नाच्या बाबीच तोडून देण्यात आल्या. १८८२ पासून अबकारी, स्टँप, जंगल अशा बाबींच्या उत्पन्नात हिस्सेवाटणी सुरू झाली. हिस्सा दर पाच वर्षांनी नव्याने ठरे. या मुदतीत एखाद्या प्रांताने उत्पन्न वाढविले तर नव्या ठरावाच्या वेळी त्या वाढीवर वरिष्ठ सरकार हात मारी. १९०४ व १९१२ साली हे करार अधिक टिकाऊ करण्यात आले खरे. पण १९२० पर्यंत पद्धत हिस्सेवाटणीचीच राहिली. या तीन अवस्थांवरूनच आंबेडकरांनी आपल्या ग्रंथाचे भाग पाडले आहेत.

आता या सर्व व्यवहाराचा अर्थ काय लावावयाचा? सामान्यतः असे समजले जाई की प्रांत हळूहळू स्वतंत्र होत गेले. त्यांना स्वतःचे उत्पन्न मिळाले, स्वतःचे अंदाजपत्रक मिळाले. सरकारी अहवालांत शब्दही तसेच वापरलेले असत. या विद्यार्थ्याने शब्दांवर विश्वास न ठेवता कायदा काढून पाहिला. १८५८ च्या कायद्याप्रमाणे देशातील सर्व उत्पन्न राणीच्या नावे जमा व्हावयाचे आणि हिंदुस्थान सरकारच्या कामी खर्च व्हावयाचे होते. त्यात मुंबईचे वेगळे, मद्रासचे वेगळे असे काहीच नव्हते. मग त्याने नियम तपासले. प्रांताला आपल्या मनाने नवा कर बसविता येत नाही. स्वतःच्या पतीवर कर्ज काढता येत नाही. शिल्लक पडलेला पैसाही ठरावीक मर्यादेखाली उचलता येत नाही. अंदाजपत्रक वरून मंजूर होऊन यावे लागते. तेव्हा ‘प्रांतिक उत्पन्न’ हा हिशेबाच्या वहीतील एक मथळा होता. हक्क असा त्यामागे नव्हता. एकत्र कुटुंबातील कर्त्याने थोरल्या मुलाच्या नावाने खतावणीत पान उघडून द्यावे, घरखर्च त्याच्याकडून चालवावा, आणि तिजोरीची किल्ली मात्र स्वतःच्या जानव्याला बांधून ठेवावी, तसा हा प्रकार. मुलगा स्वतंत्र झाला असे शेजारीपाजारी म्हणतील. वकील म्हणणार नाही.

या निष्कर्षाचे महत्त्व केवळ पंडिती नव्हते. १९१९ च्या सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती लोकनियुक्त दिवाणांकडे गेली, आणि वाटून घेतलेली उत्पन्ने वेगळी करण्यात आली. परंतु त्यामुळे वरिष्ठ सरकारला तूट येऊ लागली, म्हणून १९२० साली लॉर्ड मेस्टन यांच्या समितीने ती प्रांतांकडून भरून घेण्याची वाटणी केली. एकूण ९८३ लक्ष रुपये. त्यांतील ३४८ लक्ष एकट्या मद्रासवर, २४० लक्ष संयुक्त प्रांतावर, १७५ लक्ष पंजाबवर, तर मुंबईवर अवघे ५६ लक्ष. मद्रासमध्ये संताप उसळला. आणि मुंबईही खूष नव्हती, कारण प्राप्तीवरील कर वर गेल्याने तिचे अधिकच नुकसान झाले होते. जबाबदारी दिली आणि पैसा दिला नाही, तर नव्या दिवाणांनी शाळा काढावयाच्या कशाच्या बळावर? आंबेडकरांच्या ग्रंथाचा उत्तरार्ध या प्रश्नाशी येऊन भिडतो.

आणि येथेच त्यांचा सर्वांत तीक्ष्ण भाग आहे. सरकार परके आहे एवढ्यावर ते थांबत नाहीत. जे सरकार लोकांना जबाबदार नाही त्याला लोकांच्या समाजात हात घालण्याची छातीही नसते, असे ते दाखवितात. एकपत्नीत्वाचा कायदा करणे, वारसाहक्क बदलणे, मिश्रविवाहाला मान्यता देणे, इतकेच काय, चहाच्या मळेवाल्यांवर कर बसविणेही त्याला झेपत नाही. विवाह, वारसा आणि चहाचे मळे एका दमात! अर्थशास्त्राच्या प्रबंधात हे वाक्य कोणाही परीक्षकाला चमत्कारिक वाटले असते. पंचवीस-तीस वर्षांनी हिंदू कोड बिल घेऊन उभा राहिलेला आणि १९५१ साली मंत्रिपद सोडणारा गृहस्थ या प्रबंधातच डोकावतो.

हे काम ज्या परिस्थितीत झाले तिचाही थोडा उल्लेख केला पाहिजे. १९१६ साली आंबेडकर लंडनला गेले. ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’ आणि ‘ग्रेज इन’ अशा दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव घातले; पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली परत फिरावे लागले. त्यांचे सामान व पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती. महायुद्धाचे दिवस होते, ती बोट टॉर्पेडोने बुडविली गेली. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसे साठवून, शाहू महाराजांचे साहाय्य व एका पारशी मित्राचे कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. प्रांतिक अर्थव्यवस्थेचा ग्रंथ सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह १९२५ साली छापला गेला. तो सयाजीरावांना अर्पण केलेला आहे. छापील प्रती दाखल झाल्याखेरीज कोलंबियाची पदवी पदरात पडत नसे, म्हणून १९१६ च्या सुमारास सिद्ध झालेल्या संशोधनाची डॉक्टरेट १९२७ साली मिळाली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला होता.

लंडनला त्यांनी डी. एस्सी. साठी रुपयाचा प्रश्न घेतला. १९२३ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि प्राध्यापक एडविन कॅनन यांनी काही मतभेद नोंदवूनही त्याला प्रस्तावना लिहिली. सोन्याशी हुंडणावळीने बांधलेल्या रुपयाची जी पद्धत केन्स यांनी १९१३ साली वाखाणली होती, ती आंबेडकरांनी धुडकावली. चलन वाढविण्याची सत्ता सरकारच्या लहरीवर सोडू नये असे त्यांचे म्हणणे. रुपया स्वस्त झाला तर व्यापार वाढतो, असे मुंबईचे शेठजी सांगत. त्यावर त्यांनी विचारले की ही वाढ कोणाच्या खिशातून होते? भाव चढले आणि मजुरी मागे राहिली, तर एका वर्गाचा नफा म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या ताटातील भाकरी. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. या साक्षीतून रिझर्व्ह बँक जन्मली असे हल्ली भाषणांतून सर्रास सांगितले जाते, त्यात अतिशयोक्ती आहे. बँकेची शिफारस आयोगाने केली, ती १९३५ साली सुरू झाली, आणि त्या मागे अनेकांचे विचार होते. आयोगाने सुचविलेली चलनपद्धती आंबेडकरांना हवी तशी नव्हतीच. त्यांच्या संशोधनाची थोरवी अशा कर्जाऊ दागिन्यांवाचूनही कमी होत नाही.

राज्यघटनेविषयीही तेच. तिच्यातील आर्थिक कलमांसाठी नलिनीरंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञसमिती होती. ती कलमे एकट्या आंबेडकरांची नव्हेत. तरीही जुना प्रबंध शेजारी ठेवून ती वाचली म्हणजे मौज वाटते. २६५ वे कलम म्हणते की कायद्याच्या आधारावाचून कर नाही. २६६ व्या कलमाने केंद्राचा एक आणि प्रत्येक राज्याचा एक असा स्वतंत्र संचित निधी निर्माण केला. म्हणजे राज्याचा पैसा कायद्याने राज्याचा झाला. २८० व्या कलमाने पाच वर्षांची वाटणी वित्त आयोगाकडे सोपविली, आणि पहिला आयोग १९५१ साली क्षितीशचंद्र नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली बसला. हिशेबतपासणीस हा बहुधा घटनेतील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी होय, असे मत आंबेडकरांनी १९४९ साली घटनासमितीत दिले होते. ते ऐकून काही सभासद चकित झाले असतील. प्रबंध वाचलेला सभासद झाला नसता.

एक किल्ली मात्र कर्त्याकडेच राहिली. २९३ व्या कलमाप्रमाणे राज्याला स्वतःच्या निधीच्या तारणावर कर्ज काढता येते. पण केंद्राचे देणे डोक्यावर असेल तर केंद्राची संमती लागते, आणि संमतीबरोबर अटीही येतात. या अटी कोठवर जाऊ शकतात, यावर केरळ राज्याने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात केंद्राविरुद्ध दावा लावला. १ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने हा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपविला.