सर्व अरण्ये एकाच रीतीने मरत नाहीत



सरकारी हिशेबात अरण्य ही एकच वस्तू असते. किमान एक हेक्टर जमिनीवर दहा टक्क्यांहून अधिक वृक्षच्छाया असली, की तिची गणना वनाच्छादनात होते; मग तेथे साग असो, निलगिरी असो वा आमराई. हवामानबदलाचे संकट मात्र असा सरसकट हिशेब करीत नाही. ते प्रत्येक अरण्याला त्याच्या मर्मस्थानीच गाठते.

उत्तरेकडील सूचिपर्णी अरण्यांची राखण कडाक्याची थंडी करीत असे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पाइनची साल पोखरणारे भुंगेरे हिवाळ्यात मोठ्या संख्येने मरत. हिवाळे सौम्य झाले आणि १९९० च्या दशकापासून या किडीने सुमारे १ कोटी ८० लक्ष हेक्टर अरण्य ग्रासले. २०२३ साली त्याच देशात सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र वणव्यांत जळाले.

ॲमेझॉनचे सदाहरित अरण्य आपला बराचसा पाऊस स्वतःच निर्माण करते. वृक्षांनी सोडलेली वाफ पुन्हा पश्चिमेकडे बरसते. वृक्षतोड आणि तापमानवाढ मिळून हे चक्र तोडीत आहेत. २०२३ साली मानाउस शहराजवळ निग्रो नदीने नीचांक गाठला. २०२४ साली तोही मोडला. त्या अरण्यातील पातळ सालीच्या वृक्षांना आगीची सवयच नाही.

सुंदरबनाचे दुखणे आणखी निराळे. तेथे समुद्र वर येतो आहे आणि नद्यांचे गोडे पाणी घटले आहे. १९७५ साली सुरू झालेल्या फराक्का धरणाचाही त्यात वाटा आहे. वाढत्या क्षाराने सुंदरी वृक्ष शेंड्याकडून वाळतात. २०२० च्या अम्फान वादळात खारफुटीने वारा अंगावर घेतला. ती विरळ झाली, तर तो मासेमारांच्या झोपड्यांवर येईल.

गडचिरोलीच्या पानझडी अरण्यात उन्हाळ्याची पानगळ हा निसर्गक्रमच आहे. परंतु मोह फुलण्याच्या सुमारास अवकाळी पाऊस वा गारपीट झाली, की आदिवासी कुटुंबाची वर्षाची बेगमी मातीत जाते, तेंदूपत्त्याचेही तेच. ज्यांनी धूर सोडला नाही, त्यांच्याच चुली विझतात.

यावर एक आक्षेप घेतला जातो: मोहफुले वेचण्यासाठी पाचोळा पेटविणारे आदिवासीच वणवे लावतात. त्यात काही तथ्य आहे. परंतु ज्याचा हक्कच नाकारला गेला, त्याच्याकडून राखणीची अपेक्षा कोणत्या न्यायाने करावयाची? २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. वन आणि त्याचे उत्पन्न गावाचे झाले, म्हणजे आग रोखण्यात गावाचा स्वार्थ आणि समाजाचे हित एक होतात.

खाणीसाठी एक अरण्य तोडून दुसरीकडे एकाच जातीची रोपे लावण्याला पर्यायी वनीकरण म्हणतात. कागदावर हेक्टर भरून निघतात. मोह, बांबू आणि झरे भरून निघत नाहीत. अरण्ये निरनिराळी आहेत, तेव्हा उपायही त्या त्या ठिकाणच्या लोकांशी बोलूनच ठरले पाहिजेत.

म्हणून कार्यकर्त्यांचे काम वृक्षारोपणाच्या समारंभाने संपत नाही. प्रलंबित वनहक्क दाव्यांचे कागद हाती घेऊन ग्रामसभेत बसणे, हेच आज हवामानबदलाविरुद्धच्या लढ्याचे पहिले पाऊल आहे.