पैसा सरकारचा, छप्पर विद्यापीठाचे
(एका व्याख्यानमालेत आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. कलाशाखेची पदवी घेऊन आयुष्यभर अग्रलेख खरडणाऱ्या माणसाने मटेरियल सायन्सच्या सरकारी अनुदानावर बोलावे, हा अव्यापारेषु व्यापार नव्हे काय? असेलही. आमची पहिली पंचाईत तर नावापाशीच झाली. या शास्त्राला मराठीत म्हणावे काय? पदार्थविज्ञान म्हणावे, तर ते नाव फिजिक्सने केव्हाच बळकावले आहे. साहित्यशास्त्र म्हणावे, तर मम्मट आणि जगन्नाथपंडित लाठ्या घेऊन धावून येतील! तेव्हा मटेरियल सायन्स हाच शब्द आम्ही चालवतो.

शब्द परका असला तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. इथल्या उद्यमबागेतील कोणत्याही फौंड्रीत जा. साचा नीट, रस नीट, आणि तरीही एखादे कास्टिंग तडकते. का तडकते? साचा भरणारा म्हणेल, वाळूत ओल राहिली. रसायनवाला म्हणेल, लोखंडात गंधक अधिक झाले. धातुशास्त्रज्ञ तुकडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरील आणि आतील कणांची रचना दाखवील. त्याच्याही खाली अणूंच्या मांडणीत काय बिघडले, हे सांगायला फिजिक्सवाला लागेल. एका तडकलेल्या तुकड्यापुढे इतक्या जणांना एकत्र बसावे लागते, आणि विद्यापीठात पाहावे तर त्यांच्या वेगळ्या इमारती, वेगळे प्रमुख आणि वेगळी कुलपे!

ही कुलपे अमेरिकेच्या सरकारने कशी उघडली, ते आज सांगायचे आहे. मूळ सूचना जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाची आणि इलिनॉय विद्यापीठातील फ्रेडरिक साइट्झ यांची. अणुभट्ट्या, विमाने, अग्निबाण या साऱ्यांची गाडी शेवटी धातूपाशी आणि द्रव्यापाशी अडते. तेव्हा विद्यापीठांतच अशी संयुक्त प्रयोगशाळा काढा, असे त्यांचे सांगणे होते. ते कागदावरच राहिले. फॉन नॉयमन १९५७ च्या फेब्रुवारीत वारले, आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला रशियाचा स्पुटनिक आकाशात चढला. मग काय विचारता! जे शहाणपणाने सुचले नाही ते भीतीने सुचले. १९५८ मध्ये संरक्षण खात्यात 'आर्पा' नावाची नवी संस्था निघाली आणि १९६० मध्ये तिने कॉर्नेल, पेनसिल्व्हानिया आणि नॉर्थवेस्टर्न या तीन विद्यापीठांशी करार केले. पुढील दोन वर्षांत ही संख्या बारावर गेली.

त्या कराराची रीत फार मोलाची, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो. पैसा एकेका प्राध्यापकाच्या अर्जावर तुकड्यातुकड्याने दिला नाही. तो केंद्राला एकगठ्ठा दिला आणि कोणत्या कामाला किती लावायचा, हे तेथील संचालकावर सोपवले. तो एका वर्षाचा नव्हता. पुढील काही वर्षांची तजवीज आधीच बांधलेली असे. म्हणजे मार्च आला की उपकरणे खरेदी करण्याची आपल्याकडची ती धावपळ नाही! इमारतीचा खर्चही सरकारने हप्त्याहप्त्याने भरून दिला. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, स्फटिक वाढवण्याच्या भट्ट्या, अतिशीत तापमानाची यंत्रे, हे सारे कोणा एका विभागाच्या मालकीचे नव्हे, तर सामायिक. यंत्रापुढच्या रांगेत रसायनवाला आणि फिजिक्सवाला शेजारी शेजारी उभे राहिले, म्हणजे बोलणे निघतेच.

ते बोलणे कुठवर जाते, पाहा. पेनसिल्व्हानियात ॲलन मॅकडिअर्मिड रसायनाचे आणि ॲलन हीगर फिजिक्सचे. हीगर काही काळ त्या केंद्राचे संचालकही होते. मॅकडिअर्मिड यांची टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्याशी गाठ पडली. शिराकावांच्या प्रयोगशाळेत उत्प्रेरक चुकून हजारपट पडला होता आणि त्यातून चांदीसारखी चकाकणारी प्लास्टिकची पातळ चकती निघाली होती. तिघांनी फिलाडेल्फियात तिच्यावर आयोडीनचा प्रयोग केला, आणि जे प्लास्टिक आपण विजेपासून वाचण्यासाठी तारेवर चढवतो, तेच धातूसारखी वीज वाहू लागले! १९७७ ची ही गोष्ट. २००० साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या यशाचे सारे श्रेय केंद्राच्या थैलीला देऊ नये, नौदलाच्या संशोधन कचेरीचाही त्यात पैसा होता. पण दोन विभागांची माणसे एका छपराखाली वावरत होती, हे श्रेय कोण नाकारील?

आता नाण्याची दुसरी बाजू. लष्कराचा पैसा लष्कराचा हिशेब मागतोच. १९६९ मध्ये सिनेटर मॅन्सफील्ड यांनी कायद्यात दुरुस्ती घातली, की लष्करी कामाशी थेट संबंध नसलेल्या संशोधनावर संरक्षण खात्याने खर्च करू नये. व्हिएतनामच्या युद्धाने विद्यापीठे पेटली होती, तेव्हा विद्यार्थ्यांनाही हा पैसा नकोच होता. कारण कोणतेही असो, बाराही केंद्रांवर गदा येणार होती. ती टळली ती एका शहाण्या निर्णयाने: १९७२ मध्ये ही केंद्रे नॅशनल सायन्स फाउंडेशन या मुलकी संस्थेकडे सोपवण्यात आली. १९९४ मध्ये त्यांची नवी घडण झाली आणि स्पर्धा खुली झाली. तीत जुन्यांचा वारसाहक्क चालत नाही. मूळ बारांपैकी काही गळाली, नवी आली. २०२३ मध्ये नऊ केंद्रांना मिळून १६ कोटी २० लाख डॉलर मंजूर झाले, प्रत्येकी १ कोटी ८० लाख, तेही सहा वर्षांसाठी.

इतके जुने झाड, म्हणून निर्धास्त राहावे काय? २०२५ च्या मे महिन्यात तेथील अध्यक्षांनी त्या संस्थेचे अंदाजपत्रक सुमारे ९ अब्ज डॉलरांवरून ३.९ अब्जांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोहोंच्याही समित्यांनी तेवढी कुऱ्हाड चालू दिली नाही, ही गोष्ट खरी. पण साठ वर्षांची घडी एका सहीने विस्कटू शकते, हे साऱ्या जगाला दिसले.

आपल्याकडे २०२३ मध्ये अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा झाला. पाच वर्षांत ५० हजार कोटींचा आकडा जाहीर झाला. कानाला गोड लागतो. त्यातील सरकारचे १४ हजार कोटी, उरलेले ३६ हजार कोटी उद्योगपतींकडून आणि दात्यांकडून येतील अशी अपेक्षा! आम्हांला दात्यांचे वावडे नाही. पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला रोज चालवणारा माणूस लागतो, त्याच्या देखभालीचा करार दरवर्षी भरावा लागतो, आणि त्याच्या दारावर कोणा दात्याच्या नावाची पाटी लागत नाही. हा खर्च कोण देणार, किती वर्षांसाठी देणार, आणि त्या यंत्राच्या खोलीची किल्ली एका विभागप्रमुखाच्या खिशात राहणार की फौंड्रीचा तडकलेला तुकडा घेऊन आलेल्या आपल्या मुलालाही मिळणार? दिल्लीला जाणारे आपले खासदार पुढच्या खेपेस भेटतील, तेव्हा हे तीन प्रश्न आम्ही त्यांना विचारणार आहोत. तुम्हीही विचारा.