माळाचे ग्रंथवैभव : स्वागताध्यक्षांचे भाषण



श्रीसिद्धेश्वरांच्या सोलापूरनगरीत आपले मनःपूर्वक स्वागत. सिद्धेश्वर म्हणजेच सिद्धरामांनी बाराव्या शतकात लोकांच्या हातून तळे खोदवले आणि कन्नडमध्ये वचने रचली, तेव्हापासून पाणी आणि वाणी या दोन्हींची जपणूक हा इथला वारसा आहे. स्वातंत्र्यलढ्यात १९३० साली या शहराने मार्शल लॉ सोसला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे आमचे चार हुतात्मे फासावर गेले. चीनमध्ये रुग्णसेवा करणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच. आणि आजच्या दिवशी ज्यांचे नाव आधी घ्यायला हवे, ते मारुती चितमपल्लीही इथलेच. तेलुगू मातृभाषेच्या या वनाधिकाऱ्याने मराठीला ‘पक्षिकोश’, ‘रानवाटा’, ‘चकवाचांदण’ दिले, २००६ साली इथल्याच साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले आणि २०२५ साली इथेच देह ठेवला.

महाराष्ट्राच्या निसर्ग-संस्कृतीवरील आवडत्या पुस्तकांचा मेळा कोकण, मेळघाट सोडून या रखरखीत मुलखात कशाला, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की पुस्तकाची खरी गरज इथेच आहे. सह्याद्रीचे कडे पाहणाऱ्याला आपोआप थांबवतात. माळ कसा पाहावा, हे शिकावे लागते. इथल्या नान्नजसारख्या गवताळ माळावर माळढोक पक्ष्याची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. माळ म्हणजे पडीक जमीन, या समजुतीने तिथे नांगर फिरला किंवा दाट झाडे लावली, तरी तिचे घर मोडते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त शेजारच्या माणदेशातली मेंढरे, धनगर आणि दुष्काळ एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत. ती कादंबरी वाचलेला माणूस माळाला ओसाड म्हणणार नाही. पुस्तकांनी माळढोक कुठे वाचवला, हा आक्षेप रास्त आहे. नान्नजला अभयारण्य होऊनही त्याची संख्या घटली. पण कायदा हद्द आखतो, आपुलकी निर्माण करत नाही, आणि आपुलकीवाचून हद्द टिकत नाही. ते काम पुस्तकांचे.

हा सोहळा यंत्रमागधारक, व्यापारी, शिक्षक आणि विडी कामगार भगिनींच्या वर्गणीतून उभा राहिला आहे. मंडप, ध्वनिक्षेपक, छपाई विनामूल्य देणाऱ्यांचे, पाहुण्यांसाठी घरे उघडणाऱ्या कुटुंबांचे आणि राबणाऱ्या विद्यार्थ्यांचे ऋण मोठे आहे. निवास लांब पडला असेल, पाणी कमी पडले असेल, कोणाचा मान राहून गेला असेल, तर उदार मनाने क्षमा करावी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी गोड मानून घ्यावी. आपल्या तालुक्याच्या माती-माणसांवरील पुस्तकांचे एक कपाट प्रत्येक वाचनालयात असावे, असा ठराव या संमेलनाने करावा, ही स्वागत समितीची नम्र विनंती. जय महाराष्ट्र!