उदजनपात्राची जागा



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी अक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून आपल्या विज्ञानशिक्षकांच्या स्मृतीस वंदन करण्याची संधी मिळाली, हे मी माझे भाग्य समजतो. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाने मोटारीतील उदजनपात्राविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. म्हणून आधी त्यामागचे कारण सांगतो.

गेल्या वर्षी आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी माझ्याकडे आला. बेळगावच्या उद्यमबागेत त्याचा वाहनदुरुस्तीचा व्यवसाय आहे. पोलादी पत्र्यांचा संच असलेले एक पात्र आणि एक इंग्रजी माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, “सर, टेम्पोवाल्यांना समजेल असं याचं मराठी करून द्या.” पात्रात पाणी आणि थोडे कॉस्टिक पोटॅश घालायचे, गाडीच्या विजेने त्या पाण्याचे अपघटन करायचे आणि निघणारे उदजन व प्राणवायूचे मिश्रण इंजिनाच्या हवेच्या नळीत सोडायचे, म्हणजे इंधन वाचते, असा पत्रकाचा दावा होता. भाषांतर करता करता मी एका वाक्यापाशी थांबलो : ‘पात्र सोयीच्या जागी बसवावे.’ सोयीच्या म्हणजे कोणाच्या सोयीच्या? त्याने स्वतःच्या गाडीत ते मागच्या डिकीत बसवले होते. पुढच्याच आसनावर त्याची मुले बसत.

आपल्या सरांनी साठ वर्षांपूर्वी वर्गात उदजनाची परीक्षानळी उपडी धरून दाखवली होती. सरळ धरली तर वायू वर निघून जातो, हे त्यांनी आम्हांला डोळ्यांनी पाहायला लावले. हा वायू हवेपेक्षा सुमारे चौदा पट हलका असतो. बंद डिकीत तो छताखाली साठतो. हवेत त्याचे प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असले की तो पेट घेतो, आणि त्यासाठी पेट्रोलच्या वाफेला लागते त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी ठिणगीही पुरते. या पात्रातून तर त्याच्याबरोबर प्राणवायूही निघतो. म्हणजे ते मिश्रण बाहेरच्या हवेचीही वाट पाहत नाही.

तेव्हा जागा ठरवतो तो या वायूचा स्वभाव. प्रवासी बसतात तेथे आणि डिकीत हे पात्र कदापि नसावे. बॉनेटखाली बसवायचे तर खेळती हवा हवी, आणि धुराड्याच्या तापलेल्या नळीपासून व बॅटरीपासून अंतर हवे. अगदी पुढे, बंपरलगत बसवले तर पहिल्याच धडकेत ते फुटेल आणि आतला दाहक द्राव कोणाच्या तरी अंगावर उडेल. पात्र उभे व घट्ट बांधलेले असावे. नळी वर चढत गेलेली असावी, म्हणजे ओलावा परत पात्रात उतरेल. इंजिनाजवळ पाण्याची एक बाटली असावी व वायूने तीतून बुडबुड्यांच्या रूपाने जावे, म्हणजे उलट आलेली ज्योत पाण्यात विझेल. इंजिन थांबताच वीजप्रवाहही आपोआप थांबला पाहिजे.

एवढे लिहून मी थांबलो असतो, तर भाषांतर चांगले झाले असते. पण ते प्रामाणिक झाले नसते. वस्तू कोठे बसवावी याआधी ती का बसवावी, हे विचारायला हवे होते. सरांनी शिकवलेली त्रैराशिके आठवून आम्ही दोघे हिशेबाला बसलो. पात्रात ओळीने सहा घट आणि त्यांतून १० अँपिअर प्रवाह धरला, तर तासाला सुमारे २५ लिटर उदजन निघतो. त्याचे वजन जेमतेम सव्वादोन ग्रॅम भरते. त्याची उष्णता सुमारे ७५ वॅटच्या तोलाची. खर्च होणारी वीज मात्र १४० वॅटच्या आसपास. ही वीज फुकट येत नाही. ती इंजिनाने फिरवलेल्या अल्टरनेटरकडून, म्हणजे अखेर पेट्रोलमधूनच येते. आणि दोन्ही ठिकाणची गळती धरली तर त्यासाठी साडेसातशे वॅटच्या घरात इंधन जाळावे लागते. दहा रुपये देऊन एक रुपया परत घेण्याचा हा व्यवहार आहे.

तो म्हणाला, “पण सर, उदजन मिसळला की ज्वलन सुधारतं म्हणतात.” त्यात तथ्य आहे, पुरेशा उदजनाने ज्वलनाचा वेग वाढतो. परंतु तासाला चार लिटर पेट्रोल पिणाऱ्या इंजिनाच्या उष्णतेत या उदजनाचा वाटा पाव टक्काही नाही. ज्या गाड्या खरोखर उदजनावर चालतात, त्या तो बाहेरून भरून घेतात. दिल्लीत २०२३ साली अशी बस रस्त्यावर आली. उदजनाच्या बसगाड्यांत नळकांडी बहुधा टपावर ठेवतात, कारण गळालेला वायू तेथून थेट आकाशात जातो.

येथे माझा विषय विज्ञानाला भेटतो. ‘उदजन’ या शब्दातील ‘उद’ म्हणजे पाणी. मूळ ग्रीक घटकांपासून घडवलेल्या ‘हायड्रोजन’ या नावाचा अर्थही पाणी निर्माण करणारा, असाच आहे. उदजन जळला की पाणी होते. म्हणजे पाणी ही जळून गेलेल्या उदजनाची राख आहे. राखेचे पुन्हा सरपण करता येते. परंतु त्या सरपणातून मिळेल त्याहून अधिक जाळ आधी घालावा लागतो. नावाचा अर्थ लावला असता, तर आम्हांला हिशेबाचीही गरज पडली नसती.

त्या विद्यार्थ्याने दोन टेम्पोवाल्यांकडून आगाऊ रक्कम घेतली होती. ती त्याने परत केली. मला याचे मोल फार वाटते, कारण त्याचा तो महिना ओढगस्तीचा होता. डिकीतले पात्र त्याने त्याच संध्याकाळी काढले.

ते पात्र आज आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत, खिडकीलगतच्या टेबलावर आहे. तेथे खेळती हवा आहे, देखरेखीला शिक्षक आहेत, आणि किती वीज गेली व किती वायू आला, हे मुले वहीत मांडतात. सर असते, तर त्यांनीही त्याला हीच जागा दिली असती, असे मला नम्रपणे वाटते.