चित्रशाळा आणि कर्मशाळा
(नांदुरा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कला व तंत्रशिक्षणाच्या वर्गांसाठी नांदुऱ्यात इमारत उभारावी, असा संकल्प आपण केला आहे. तो स्तुत्य आहे. परंतु आजवरची चर्चा दर्शनी कमान, सभागृह आणि देणगीदारांच्या शिळा यांभोवतीच फिरली. त्या खोल्यांत मूल काय करणार, हा प्रश्न मागे राहिला. तोच आम्ही पुढे मांडीत आहोत.

पश्चिमेस खिडक्या असलेल्या एका खोलीत आम्ही कित्येक वर्षे चित्रकला शिकविली. तिसऱ्या प्रहरी ऊन थेट कागदावर येई. आम्ही खिडक्यांना गोणपाट लावीत असू. समोरच्या घड्याची सावली तासाभरात सरके. मग मुलाने छायाप्रकाश रेखाटावा तरी कोणता? दोष मुलाचा नव्हता, भिंतीचा होता. म्हणून चित्रशाळेच्या मोठ्या खिडक्या उत्तरेस असाव्यात. तिकडील प्रकाश दिवसभर बहुतेक सारखा राहतो. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य आपल्याकडे किंचित उत्तरेस कलतो. तेवढ्यापुरता छज्जा ठेवावा.

कर्मशाळा तळमजल्यावर आणि चित्रशाळेपासून दूर असावी. हातोड्याचा नाद आणि करवतीचा भुसा रंगांच्या शेजारी नकोत. दार रुंद व बाहेर उघडणारे असावे. विजेचा मुख्य खटका शिक्षकाच्या हाताशी असावा. जड यंत्राचा पाया भिंतीच्या पायापासून अलग ठेवावा, म्हणजे त्याची थरथर भिंतीस पोचणार नाही.

आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. भिंतीचा पाया मुरुमापर्यंत गेलाच पाहिजे. शिवाय पूर्णाखोऱ्यात खारपाणपट्टा आहे. खारे पाणी काँक्रीटमधील सळ्या गंजविते, यास्तव पाणी तपासूनच वापरावे. कमानीवर योजलेला पैसा पायात घालावा, असे आमचे नम्र मत आहे. पाया कोणास दिसत नाही, पण इमारत त्यावरच उभी राहते.

कला आणि यंत्र एका छपराखाली कशास, असेही कोणी विचारील. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात १८९० साली कलाभवन स्थापन झाले, ते या दोहोंची सांगड घालूनच. दादासाहेब फाळके तेथे शिकले. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट पडद्यावर आणला. त्यास चित्रकाराची दृष्टी आणि कारागिराचा हात, दोन्ही लागले.

शेवटी एक विनंती. आमच्या पिढीने हातकामास कमी लेखले. मुलांना लेखणी दिली, पण रंधा दिला नाही. ती चूक या वास्तूत सुधारावी. मुलींसही कर्मशाळेत मुलांइतकीच जागा असावी. आणि पैसा आपल्या ज्ञातीचा असला तरी दार गावातील प्रत्येक जातीच्या मुलास उघडे असावे. उत्तरेचा प्रकाश कोणाची जात विचारीत नाही.