पाहुणे फलंदाज, घरचे गोलंदाज
(सुवर्णमहोत्सवी समारंभात लक्ष्मीबाई नगर येथे झालेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी क्रिकेटवर बोलावे, हे काहींस रुचणार नाही. परंतु लक्ष्मीबाई नगरातील आम्हां सरकारी नोकरांस 'बदली' आणि 'ना हरकत प्रमाणपत्र' हे शब्द परके नाहीत. रणजी मोसम संपला की खेळाडूंचीही ये-जा याच प्रमाणपत्रावर सुरू होते. तेव्हा विषय आपल्या घरचाच आहे.

2017-18 चा अंतिम सामना आपणांस आठवत असेल. इंदूरला एका बाजूस दिल्ली, दुसऱ्या बाजूस विदर्भ. आमच्या घरांत दोन तट पडले. वडीलधारे विदर्भाकडे, दिल्लीत जन्मलेली मुले दिल्लीकडे! विदर्भ 1957-58 पासून रणजी स्पर्धेत होता, पण अंतिम फेरी त्याने प्रथमच पाहिली.

तो संघ बांधला कसा गेला? फलंदाजीसाठी मुंबईचा वसीम जाफर आणि कर्नाटकचा गणेश सतीश असे पाहुणे आणले. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, तेही मुंबईचे. गोलंदाजीची उणीव मात्र घरातूनच भरून काढावी लागली. अंतिम सामन्याच्या वेळी उमेश यादव भारतीय संघासोबत दक्षिण आफ्रिकेस गेला होता. रजनीश गुरबानी या अभियांत्रिकीच्या पदवीधराने भार उचलला. कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात दुसऱ्या डावात 68 धावांत 7 बळी घेऊन त्याने कर्नाटकास अवघ्या 5 धावांनी रोखले. अंतिम सामन्यात 145 धावा काढलेल्या ध्रुव शोरेचा त्रिफळा उडवून त्याने हॅट्‌ट्रिक पूर्ण केली, आणि विदर्भ 9 गडी राखून विजयी झाला. पुढच्याच मोसमात नागपूरला सौराष्ट्राविरुद्ध डावखुऱ्या आदित्य सरवटेने 11 बळी घेऊन विजेतेपद राखले.

पुढे काय झाले पाहा. तोच शोरे दिल्ली सोडून विदर्भाकडे आला, कर्नाटकातून करुण नायर आला, आणि सरवटे केरळकडे गेला. 2025 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नागपुरात अंतिम सामना रंगला तो विदर्भ आणि केरळ यांच्यातच! सरवटेने जुन्या सोबत्यांविरुद्ध 79 धावा केल्या. अखेर पहिल्या डावातील 37 धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे गेला. नायरने 86 आणि 135 धावा केल्या, हे पाहुण्याचे देणे. आणि सरवटेची रिकामी जागा? ती हर्ष दुबे या घरच्याच तरुण डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने भरली. त्या मोसमात त्याने 69 बळी घेतले. एका रणजी मोसमात इतके बळी त्यापूर्वी कोणीही घेतले नव्हते.

पाहुणा आणणे गैर, असे आम्ही म्हणत नाही. पाहुण्यांच्या साह्यानेच केरळही त्या फेरीपर्यंत पोहोचला. आपल्या मंडळाचेही तसेच आहे. कोणी नागपूरहून बदलून आला आणि पेटीवर बसला, कोणी पुण्याहून आली आणि नाटक बसवू लागली. तीन-चार वर्षांनी आदेश आला, सामान ट्रकवर चढले, आणि तालमीची खोली सुनी झाली. जाणाऱ्यावर आम्ही कधी रुसलो नाही, रुसूही नये. मात्र दर वेळी पुढच्या बदलीची वाट पाहत राहिलो, ही आमची चूक झाली.

मागच्या रांगेत आपली मुले बसली आहेत. त्यांच्या मराठीत हिंदी डोकावते, 'ळ' चा 'ल' होतो, म्हणून आम्ही त्यांना पडदा ओढण्याचे काम देतो. हर्ष दुबेच्या हाती चेंडूच दिला नसता तर 69 बळी कोठून आले असते? येत्या गणेशोत्सवातील नाटकाच्या मुख्य भूमिका या मुलांस द्याव्यात, एवढीच आमची विनंती आहे. उच्चार चुकतील, संवाद अडखळतील. आपण पुढच्या रांगेत बसून ते ऐकून घेऊ.